क्लच गेला, गिअरबॉक्स उतरवायचाय? घरी हे काम कसं होतं, आणि कधी करू नये

“गिअरबॉक्स उतरवावा लागेल.”

गॅरेजमध्ये हे वाक्य कानावर पडलं की आपण गप्प होतो. ऑइल बदलायचं, बल्ब बदलायचा, पंक्चर काढायचं, हे सगळं आपल्याला समजतं. पण गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे गाडीच्या पोटाचं ऑपरेशन! मग मिस्त्री जो आकडा सांगेल त्याला मान डोलवायची आणि दोन-तीन दिवस रिक्षाने फिरायचं.

खरं सांगायचं तर साध्या, जुन्या, छोट्या गाडीचा गिअरबॉक्स नेहमीच्या पान्यांनी उतरतो. त्यात जादू नाही आणि फार मोठी ताकदही लागत नाही. लागतो तो क्रम. आधी काय सोडायचं, कशाला आधार द्यायचा, शेवटी कोणता बोल्ट काढायचा, हे चुकलं तर गाडी अंगावर येऊ शकते. ते नीट जमलं तर शनिवार-रविवारात काम होतं.

तुम्ही स्वतः पाना हातात घेणार असाल किंवा नसाल, हा क्रम समजून घ्या. घेणार असाल तर जीव सांभाळण्यासाठी, नसाल तर गॅरेजमध्ये योग्य प्रश्न विचारण्यासाठी.

बेंगळुरूत क्लच इतक्या लवकर का जातो?

टॉमटॉम या कंपनीने २०२३ सालासाठी जगभरातल्या शहरांच्या वाहतुकीची पाहणी केली. बेंगळुरूच्या मध्यवर्ती भागात १० किलोमीटर जायला सरासरी २८ मिनिटं १० सेकंद लागतात, असं त्यात आढळलं. यादीत बेंगळुरू सहावं होतं, आणि सातव्या क्रमांकावर आपलं पुणं! तिथे २७ मिनिटं ५० सेकंद. म्हणजे सिल्क बोर्डला अडकलेला माणूस आणि सिंहगड रोडला अडकलेला माणूस एकाच दुखण्याचे रोगी.

अशा गर्दीत आपण काय करतो? पहिला गिअर, चार फूट पुढे, क्लच, ब्रेक. पुन्हा पहिला गिअर. मध्येच पाय अर्धवट दाबून गाडी सरकवत राहतो. यालाच सगळे ‘हाफ क्लच’ म्हणतात. हेब्बाळच्या उड्डाणपुलाच्या चढावर तर कितीतरी जण ब्रेकऐवजी हाफ क्लचवरच गाडी धरून ठेवतात. त्या वेळी क्लच प्लेट घासत असते, तापत असते. हायवेवर वर्षानुवर्षं टिकणारी प्लेट शहरात लवकर संपते, त्याचं कारण हे आहे.

ही प्लेट बसते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध. तिच्यापर्यंत पोहोचायचं तर गिअरबॉक्स बाजूला घ्यावाच लागतो. म्हणूनच क्लचच्या बिलात सामानाबरोबर मजुरीही भरपूर असते. प्लेट हातात येईपर्यंतच मुख्य मेहनत झालेली असते.

गिअरबॉक्स करतो तरी काय?

घरातल्या मुलांना सांगायचं असेल तर सायकलचं उदाहरण द्या. चढावर मागची चाकी मोठी घेतली की पाय हलका पडतो, पण सायकल हळू जाते. सपाटीवर छोटी चाकी घेतली की वेग मिळतो. गाडीचा गिअरबॉक्स हेच करतो, फक्त साखळीऐवजी एकमेकांत अडकणारी दातेरी चाकं वापरून. गिअर बदलताना इंजिनाची ताकद क्षणभर तोडावी लागते. ते काम क्लचचं.

या गिअरच्या गोष्टीत एक बाई आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी नवरा कार्ल बेंझ यांची तीनचाकी मोटार घेतली आणि दोन मुलांना बरोबर घेऊन जर्मनीतल्या मॅनहाइमहून माहेरी, फॉर्ट्सहाइमला गेल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. चढ आला की गाडी दम टाकायची आणि मायलेकरांना ती ढकलावी लागायची. परत आल्यावर बर्थाबाईंनी चढासाठी आणखी एक गिअर हवा, असं सुचवलं. चढावर गाडी ढकलणाऱ्या माणसाला गिअरचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही!

योगायोग असा, की त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान सुरू केलं. पुढे त्याच घराण्याचं नाव बेंगळुरूजवळच्या बिडदीत टोयोटाशी जोडलं गेलं. तिथे टोयोटा किर्लोस्कर ऑटो पार्ट्स ही कंपनी २००२ साली उभी राहिली. तिच्या कारखान्यात गिअरबॉक्स तयार होतात आणि परदेशीही जातात. तेव्हा म्हैसूर रोडने जाताना मुलांना जरूर सांगा, की आपल्या पायाखालची ही पेटी इथे जवळच बनते.

आधी ठरवा: खरंच उतरवायचा आहे का?

निदान न करता पाने काढू नका. या तपासण्या घरीच होतात.

पहिली तपासणी क्लचच्या केबलची. बेंगळुरूचं आवडतं वाक्य इथे लागू पडतं, ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’! म्हणजे थोडं जुळवून घ्या. जुन्या छोट्या गाड्यांत क्लच केबलने चालतो आणि केबलच्या टोकाला अ‍ॅडजस्ट करायचा नट असतो. पेडलला मोकळी हालचाल किती हवी, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. ती अजिबात उरली नसेल तर चांगली प्लेटसुद्धा घसरते. ती फार जास्त असेल तर गिअर अडकतात. कितीतरी गाड्यांचा त्रास इथेच संपतो.

दुसरी तपासणी घसरणीची. सपाट, मोकळी जागा, समोर कोणी नाही. हँडब्रेक घट्ट ओढा, इंजिन चालू करा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन धडपडून बंद पडलं तर क्लच पकडतोय. पाय पूर्ण सुटला तरी इंजिन आरामात चालू राहिलं तर प्लेट घसरतेय. ही परीक्षा एकदाच घ्या, पुन्हा पुन्हा केलीत तर उरलीसुरली प्लेटही जाईल.

तिसरी तपासणी कानाची. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होते आणि सोडल्यावर थांबते? मग संशय रिलीज बेअरिंगवर. उलट पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर जातो? मग गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग पाहायला हवं. दोन्ही वेळा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. पण दुसऱ्या कारणात तो उघडावाही लागतो, आणि ते काम घरचं नव्हे.

इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, चालू केल्यावर मात्र अडतात, हे क्लच पूर्ण सुटत नसल्याचं लक्षण. बंद असतानाही अडत असतील तर आधी गिअरच्या दांड्याची जोडणी तपासा.

कोणत्या गाडीला हात लावावा?

या कामासाठी घराघरात ओळखीची गाडी म्हणजे मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची चावी इंदिरा गांधींच्या हस्ते मालकाला दिली गेली, आणि जानेवारी २०१४ मध्ये या गाडीचं उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आडवं बसवलेलं, त्याच्या एका बाजूला गिअरबॉक्स, आणि चालतात ती पुढची चाकं. बॉनेटखाली हात घालायला जागा आहे, इलेक्ट्रॉनिक्स कमी आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करून अजून फिरणाऱ्या अशा गाड्या तुम्हाला मल्लेश्वरम, जयनगरच्या गल्ल्यांत दिसतील. जुनी अल्टो, जुनी ओम्नी अशा गाड्यांची नावंही निघतात. पण ओम्नीची रचना वेगळी आहे. तिथे ताकद मागच्या चाकांकडे जाते आणि आधी प्रोपेलर शाफ्ट काढावा लागतो. या लेखातला क्रम मारुती ८०० किंवा जुन्या अल्टोसारख्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीचा आहे.

यांना मात्र घरी हात लावू नका.

• ऑटोमॅटिक, सीव्हीटी, ड्युअल क्लच आणि एएमटी. एएमटीत आतला गिअरबॉक्स साधाच असतो, पण क्लच बदलल्यावर संगणकाला तो नव्याने शिकवावा लागतो.
• गॅरंटीत असलेली कोणतीही गाडी.
• क्वालिस, इनोव्हा, बोलेरोसारख्या मोठ्या गाड्या. त्यांचे गिअरबॉक्स जड असतात. लिफ्ट किंवा खड्डा असलेल्या गॅरेजचं ते काम आहे.
• नव्या बऱ्याच छोट्या गाड्या, जिथे इंजिनखालची अख्खी लोखंडी फ्रेम उतरवावी लागते.

जागा, दिवस आणि सामान

जागा सपाट आणि सिमेंटची हवी. माती नको, उतार नको, जुन्या फरश्याही नकोत, कारण स्टँडखाली फरशी फुटू शकते. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर आधी सोसायटीला विचारा. बेसमेंटमध्ये काम करत असाल तर तिथे इंजिन चालू ठेवू नका, धूर साचतो आणि त्यातला विषारी वायू वासाने कळत नाही. बेंगळुरूत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पावसाचा नेम नसतो. उघड्यावर काम करायचं तर जानेवारी-फेब्रुवारी बरे.

आणि एकट्याने करू नका. एक जण खाली, एक जण वर. खालचा अडकला तर वरच्याला तो दिसला पाहिजे.

सामानाची यादी फार मोठी नाही. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा, अठरा-एकोणीस असे पाने, त्याच मापांच्या गोट्या, एक्स्टेन्शन आणि लांब दांडा. पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, एक लोखंडी टॉमी. एक ट्रॉली जॅक, शिवाय एक साधा जॅक. जॅक-स्टँडची जोडी. लाकडी फळीचे जाड तुकडे. ऑइल धरायला पसरट भांडं. गंज सोडवणारा स्प्रे, चिंध्या, हातमोजे, मास्क, डोळ्यांना चष्मा. जमलं तर टॉर्क पाना, भाड्याने किंवा उसना चालेल.

पाने घ्यायला एस. पी. रोड, गाडीचं सामान घ्यायला टाउन हॉलजवळचा जे. सी. रोड. जुन्या गाडीचा एखादा सुटा भाग कुठेच मिळत नसेल तर शिवाजीनगरची गुजरी. पण तिथून क्लच प्लेट, सील किंवा बेअरिंग घेऊ नका. ही झिजणारी वस्तू आहे आणि सगळी मेहनत तिच्यासाठीच करायची आहे. नवीनच घ्या, बिल घ्या आणि गाडीचं मॉडेल, साल दाखवून घ्या. सामान काम सुरू करण्याआधी घरात असू द्या. गाडी स्टँडवर ठेवून बाजारात जायची वेळ येऊ नये.

जॅकवर विश्वास नको

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही.

जॅकचं सील फुटलं किंवा तो जरासा कलला, की गाडी खाली येते. ओरडायलाही वेळ मिळत नाही. विटा आणि दगड त्याहून वाईट. वीट वरून भक्कम दिसते, पण वजन एका कोपऱ्यावर आलं की एकदम चुरा होते.

म्हणून असं करा. हँडब्रेक ओढा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून अडसर लावा. पुढची बाजू गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागेवरूनच उचला. दोन्ही बाजूंना स्टँड लावा आणि गाडीचं वजन त्यांच्यावर टेकवा. मग उभ्यानेच गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहा. डगमगली तर पुन्हा लावा. काढलेली चाकं गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा, म्हणजे सगळं फसलं तरी थोडी जागा उरेल. एवढं झाल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही.

गिअरबॉक्स गाडीच्या खालून बाहेर निघणार आहे. तेव्हा तो जॅकवर ठेवून सरकवण्याइतकी उंची मिळतेय का, हेही आत्ताच मोजा.

उतरवण्याचा क्रम

१. गाडी जमिनीवर असतानाच पुढच्या चाकांचे नट सैल करा. मधला मोठा एक्सल नट काढायची गरज असेल तर त्याची स्प्लिट पिन काढून तोही आत्ताच सैल करा, आणि त्या वेळी दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. हवेत लटकलेल्या गाडीवर इतका जोर लावणं म्हणजे ती स्टँडवरून पाडणं.

२. बॅटरीचा ऋण, म्हणजे वजा खुणेचा चिमटा आधी काढा, मग अधिकचा. बॅटरी आणि तिचा ट्रे बाहेर.

३. गाडी उचला, स्टँडवर टेकवा, चाकं काढा.

४. आता ऑइल. इथे एक युक्ती आहे. आधी भरायचा बोल्ट सैल करून पाहा, मगच खालचा काढा. भरायचा बोल्ट गंजून बसला असेल आणि तुम्ही आधीच ऑइल सोडलं असेल, तर गाडी तिथेच अडकली. ऑइल सोडताना त्यात धातूचे चुरे दिसतायत का ते बघा. चुंबकावर बारीक काळी पूड चालते, पण दाताचे तुकडे दिसले तर गिअरबॉक्स दुरुस्तीला द्यायचा आहे, हे आताच समजा.

५. वरून जोडलेलं सगळं सोडवा. क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटच्या वायरी, अर्थची वायर, गिअरच्या दांड्याची जोडणी, स्टार्टर मोटर. काही गाड्यांत सायलेन्सरचा पुढचा पाइपही. प्रत्येक गोष्ट सोडण्याआधी मोबाइलने फोटो काढा.

हे काम घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला द्या. गाडीपासून दूर टेबलावर बसून एका पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचं चित्र काढायचं, जिथला बोल्ट तिथे भोक पाडून खोचायचा आणि बाजूला नाव लिहायचं. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते. लांब बोल्ट छोट्याच्या जागी गेला तर आतलं काहीतरी फोडतो. पुठ्ठ्याचा हा नकाशा रविवारी संध्याकाळी सोन्याच्या मोलाचा ठरतो.

६. ड्राइव्ह शाफ्ट काढा. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवून चाकाचा सांगाडा बाहेरच्या बाजूला ओढा. शाफ्टचं आतलं टोक गिअरबॉक्समधून टॉमीने हलकेच उचकटा. शाफ्ट हाताने धरून सरळ बाहेर घ्या, लोंबकळू देऊ नका, नाहीतर जॉइंट आणि रबर खराब होतात. उघड्या भोकांत स्वच्छ कापड खोचा.

७. इंजिनाला आधार द्या. गिअरबॉक्सचं फाउंडेशन, म्हणजे तो ज्यावर टेकलाय ती रबरी पकड, काढल्यावर इंजिनाची एक बाजू खाली लटकते. म्हणून आधीच ऑइलच्या चेंबरखाली जाड फळी आणि जॅक लावा. फळीशिवाय लावलात तर पत्रा आत जाईल.

८. दुसरा जॅक गिअरबॉक्सखाली. आता फाउंडेशन काढा, आणि मग इंजिन व गिअरबॉक्स जोडणारे बोल्ट. ते एकेक करून काढा, पण वरचा एक आणि खालचा एक शेवटपर्यंत ठेवा.

९. शेवटचे दोन काढताना दोघांनीही तयार राहा. गिअरबॉक्स इंजिनापासून सरळ, समांतर सरकवा. त्याचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत वजन हातात किंवा जॅकवरच हवं. तो शाफ्टवर लटकला तर प्लेट वाकते. अडला तर टॉमीने फार उचकटू नका. बहुतेक वेळा एखादा विसरलेला बोल्ट राहिलेला असतो. पुठ्ठ्यावर मोजा.

१०. जॅक हळूहळू खाली आणि गिअरबॉक्स बाहेर. छातीवर झेलायचा प्रयत्न कोणीही करायचा नाही.

आत काय दिसतं?

समोर एक गोल झाकण दिसेल. ती प्रेशर प्लेट. तिचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून सैल करा. एकच बाजू पूर्ण सोडली तर ती वाकडी होते. तिच्यामागे क्लच प्लेट आहे, ती खाली पडू देऊ नका.

आतली धूळ फुंकू नका आणि हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसाला घातक आहे. मास्क लावा, ओल्या कापडाने पुसा, कापड पिशवीत बांधून टाका.

मग नीट पाहा. प्लेटचा थर रिव्हेटपर्यंत झिजलाय? फ्लायव्हीलवर निळसर जळके डाग किंवा खोल चरे आहेत? असतील तर फ्लायव्हील लेथवाल्याकडे दाखवा. प्लेट तेलाने माखलीय? मग नवी प्लेट बसवून उपयोग नाही, आधी तेल कुठून येतंय ते शोधा. इंजिनाचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील गळत असणार.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकत्रच बदला. फक्त प्लेट बदलून पैसे वाचवले आणि सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागलं, तर हीच सगळी मजुरी पुन्हा. ड्राइव्ह शाफ्टच्या भोकांतली सीलही याच वेळी बदलून घ्या.

परत चढवताना

नव्या प्लेटची बाजू नीट पाहा. बहुधा स्प्रिंगचा उंच भाग गिअरबॉक्सकडे असतो आणि प्लेटवर तशी खूणही असते. प्लेट बरोबर मधोमध बसवायला प्लास्टिकची एक छोटी दांडी मिळते, ती जरूर घ्या. प्लेट जराशीही बाजूला राहिली तर गिअरबॉक्स बसतच नाही, आणि मग लोक तासभर घाम गाळतात. प्रेशर प्लेटचे बोल्ट पुन्हा समोरासमोर, थोडे थोडे आवळा. शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. प्लेटला मात्र ग्रीसचं बोटही लागता कामा नये.

गिअरबॉक्स सरळ वर घ्या आणि सरकवा. शेवटचं एक बोट अंतर राहिलं की मोह होतो, बोल्ट लावून आवळू आणि ओढून घेऊ. तसं अजिबात करू नका. अ‍ॅल्युमिनियमचा कान तुटतो आणि गिअरबॉक्सच्या बाहेरच्या आवरणाचा खर्च अंगावर येतो. गिअर टाकून आतला शाफ्ट किंचित फिरवा, खाचा जुळल्या की तो आपोआप आत बसतो. आधी सगळे बोल्ट हाताने लावा, मग पान्याने, शेवटी पुस्तकातल्या मापाने टॉर्क पान्याने.

बाकी सगळं उलट क्रमाने. फोटो आणि पुठ्ठा समोर ठेवा. एक्सल नटची स्प्लिट पिन नवी घाला. ऑइल पुस्तकात दिलेल्या प्रकाराचं आणि तेवढंच भरा. जास्त दर्जाचं समजून दुसरंच ऑइल भरू नका. काही ऑइलमधली रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना मानवत नाहीत. काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही. डब्यात भरून गॅरेजला द्या, ते गोळा करणाऱ्यांकडे जातं.

क्लचची केबल अ‍ॅडजस्ट करा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा, मग चालू करून. गाडी जमिनीवर आल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळा. पहिली फेरी गल्लीतच, हळू. परत आल्यावर खाली कागद पसरून तेल गळतंय का ते पाहा. बॉल जॉइंट सोडवला होता, तेव्हा लवकरच व्हील अलाइनमेंटही तपासून घ्या.

गॅरेजला देणार असाल तर

सगळ्यांनी हे घरी करावं असं मुळीच नाही. पण आता तुम्ही हे विचारू शकता.

• केबल अ‍ॅडजस्ट करून पाहिली का?
• तिन्ही भाग बदलणार की फक्त प्लेट?
• फ्लायव्हील कसं आहे? मला दाखवाल का?
• सील बदलणार का? ऑइल नवं भरणार का, कोणतं?
• जुने भाग मला परत द्याल का?

जुनी प्लेट हातात घेऊन थराची जाडी स्वतः बघा. रिव्हेट वर आले असतील तर काम खरंच गरजेचं होतं. थर जाड असेल तर हसतमुखाने कारण विचारा. चांगल्या मिस्त्रीला असे प्रश्न आवडतात, आणि ज्याला आवडत नाहीत त्याच्याकडे पुढच्या वेळी जायचं की नाही, हेही तुम्हाला कळतं.

नवा क्लच बसला की सवयही नवी लावा. सिग्नलला न्यूट्रल, चढावर हँडब्रेक, आणि गाडी चालताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायचा नाही. पुढची गाडी चार फूट सरकली म्हणून लगेच सरकायला हवं असं नाही. थोडी मोकळी जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे जा.

काही वर्षांनी हा सगळा खटाटोप कमीही होईल. याच बेंगळुरूतून २००१ साली रेवा ही छोटी विजेची गाडी बाजारात आली, आणि तिला क्लचचं पेडलच नव्हतं. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना एकच ठरलेला गिअर असतो. पण पार्किंगमध्ये उभी असलेली तुमची जुनी गाडी अजून पेट्रोलवर चालते, आणि तिच्याशी जोडलेल्या आठवणीही आहेत. येत्या खंडेनवमीला पान्यांना हळद-कुंकू लावाल, तेव्हा त्यांच्या शेजारी जॅक-स्टँडची एक जोडीही असू द्या. नसेल तर ती आणल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका.